चोर-पोलिस, वाघ-बकरी आणि ग्राफ: प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

विषय ठरला. सरांनी टेबलावर तीन चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. दोन नेहमीच्याच होत्या, नकाशे रंगवणं आणि जोड्या लावणं. तिसरीवर नुसतं लिहिलं होतं, "चोर-पोलिस". मी ती उचलली तेव्हा मागच्या बाकावरचे दोघे हसले. सर म्हणाले, "हसा. पण यातला मुख्य प्रश्न १९८७ पासून तसाच पडून आहे."

पुढे गोंधळ नको म्हणून नियम लिहून ठेवते. ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. आधी पोलिस आपापले बिंदू धरतात, मग चोर त्याचा बिंदू निवडतो. त्यानंतर आळीपाळीने चाली. पोलिसांच्या चालीत प्रत्येक पोलिस एक रेघ ओलांडतो किंवा जागीच थांबतो. चोरालाही तेच. सगळ्यांना सगळं दिसतं, फासे नाहीत, लपणं नाही. पोलिस चोराच्या बिंदूवर पोचला की खेळ संपला, चोर कायम निसटत राहिला तर तो जिंकला. चोर हमखास सापडायला कमीत कमी जितके पोलिस लागतात ती त्या ग्राफची पोलिस-संख्या.

एका पोलिसाचा खेळ फ्रान्समध्ये किलिओ यांनी १९७८ च्या प्रबंधात मांडला, आणि नोवाकोव्स्की व विंकलर यांनी स्वतंत्रपणे १९८३ मध्ये. जास्त पोलिस आणले ते आयग्नर आणि फ्रॉम यांनी, १९८४ मध्ये.

५ डिसेंबर

एक पोलिस कुठे पुरतो? झाडासारख्या ग्राफवर पुरतो, कारण चोर फांदीच्या टोकाला जाऊन अडकतो. त्रिकोणात पुरतो. चौकोनात नाही. चोर समोरच्या कोपऱ्यात उभा राहतो, पोलिस हलला की तोही हलतो, आणि हे जन्मभर चालतं.

सर्वसाधारण उत्तर फारच देखणं आहे. एखाद्या क्ष बिंदूवरून जिथे जिथे जाता येतं (क्षवरच थांबणं धरून) तिथे सगळीकडे दुसऱ्या य बिंदूवरूनही जाता येत असेल, तर क्ष "दबलेला". य वर पोलिस आणि क्ष वर चोर अशी वेळ आली की चोराचं संपलं. दबलेला बिंदू पुसून टाकायचा, उरलेल्या ग्राफात पुन्हा दबलेला शोधायचा. असं पुसत पुसत एकच बिंदू उरला तर एक पोलिस पुरतो, मध्येच अडलं तर पुरत नाही. दोन्ही बाजूंनी खरं.

पायथनमध्ये वीस ओळींचं काम आहे. उद्या करते.

८ डिसेंबर

वीस ओळींना तीन दिवस लागले, आणि उत्तर तरीही चूक.

ब्रेंडन मॅके यांचा जेंग नावाचा प्रोग्राम आहे. अमुक बिंदूंचे सगळे वेगवेगळे ग्राफ तो काढून देतो. चार बिंदूंचे जोडलेले ग्राफ (म्हणजे कुठल्याही बिंदूवरून कुठेही पोचता येतं असे) सहा. त्यातला फक्त चौकोन एका पोलिसाला दाद देत नाही, म्हणजे उत्तर पाच यायला हवं. माझा प्रोग्राम म्हणतो सहा. पाच बिंदूंच्या एकवीस ग्राफांपैकी वीस. म्हणजे माझ्या मते चौकोनातला चोर सापडतो, नुसता पंचकोन तेवढा सुटतो.

वैतागून प्रत्येक ग्राफ शून्य-एकच्या तक्त्यात छापून काढला (दर बिंदूची एक ओळ, एक रकाना; दोघांत रेघ असेल तर एक, नसेल तर शून्य). कागद कॉटवर पसरलेले होते, आजोबा आले. त्यांनी चाळीस वर्षं चादरीच्या मागावर काढलीत. चष्मा वर करून म्हणाले, "जकार्डच्या पत्त्यांसारखं दिसतंय की हे." मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोट फिरवलं. "ही तिरपी ओळ कोरी का सोडलीस?" मी म्हटलं, तसंच असतं, बिंदू स्वतःलाच कसा जोडलेला असणार. ते जेवायला गेले.

९ डिसेंबर

तिरप्या ओळीतच होतं.

"क्षवरच थांबणं धरून" हे मी पाच तारखेला स्वतःच कंसात लिहिलंय आणि प्रोग्राममध्ये विसरले. य च्या ओळीत तिरप्या जागी एक घातला होता, क्षच्या ओळीत नाही. त्यामुळे चौकोनातले समोरासमोरचे कोपरे एकमेकांना दबलेले ठरत होते. त्यांचे शेजारी तेच दोन, हे बरोबर. पण समोरच्या कोपऱ्यातल्या पोलिसाला चोर जिथे उभा आहे त्या जागेवर येताच येत नाही. चोराला थांबायची मुभा असते, एवढाच तो कंस, आणि त्याच्यावर अख्खं प्रमेय उभं आहे.

आता चार बिंदूंना ५, पाचला १६, सातला ४०३, आठला ३७९१. छापील तक्त्याशी जुळलं. सहा बिंदूंचे जोडलेले ग्राफ ११२, त्यातले ६८ एका पोलिसाला सापडणारे.

रात्री अकराला मी मोठ्याने "अडुसष्ट!" म्हणाले. आजी उठली. "काय करलालीस गं अजून?" मग कशाचे अडुसष्ट ते ऐकून म्हणाली, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराची लिंगंही अडुसष्टच. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहवालात घालू नकोस." इथे घालते.

१५ डिसेंबर

तीन पोलिस लागणारा सगळ्यात लहान ग्राफ पीटरसनचा. दहा बिंदू, पंधरा रेघा. बाहेर पंचकोन, आत पाच टोकांची चांदणी, आणि बाहेरच्या प्रत्येक बिंदूपासून आतल्या एकेकाला रेघ.

अंगणात आईच्या रांगोळीने काढला. शेजारची तीन पोरं जमली. दोघांना चिंचोके दिले, ते पोलिस. कवडी माझी, ती चोर. अर्धा तास खेळलो, कवडी सापडली नाही. धाकटा म्हणाला, ताई तू चीटिंग करतेस. मग कवडी त्याच्याकडे दिली आणि एवढंच सांगितलं, की ज्या शेजारी घराला पोलिस शिवू शकत नाही तिथे जा. तोही सापडला नाही.

कारण सोपं आहे. चोराला तीन शेजारी. या ग्राफात त्रिकोण नाही, चौकोनही नाही. त्यामुळे चोराच्या घराबाहेरचा कोणताही पोलिस त्या तीनपैकी एकाहून जास्त शेजाऱ्यांवर नजर ठेवूच शकत नाही. दुसऱ्यावरही ठेवली तर कुठेतरी त्रिकोण किंवा चौकोन तयार व्हायला हवा. दोन पोलिसांनी दोन घरं अडवली तरी तिसरं मोकळंच. आयग्नर-फ्रॉम यांनी हेच सर्वसाधारण करून ठेवलंय: त्रिकोण-चौकोन नसतील आणि प्रत्येक बिंदूला निदान अमुक शेजारी असतील, तर निदान तेवढे पोलिस लागतात.

तिसरा चिंचोका दिल्यावर मात्र खेळात दमच राहत नाही. तीन बिंदू असे निवडता येतात की उरलेले सगळे त्यांचे शेजारी. चोर कुठेही बसो, पहिल्याच चालीत धरला जातो.

२४ डिसेंबर

या आठवड्यात सपाट ग्राफ, म्हणजे रेघा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येतात ते. त्यांच्यावर तीन पोलिस नेहमी पुरतात, हेही १९८४ च्याच लेखात आहे. तीनपेक्षा कमी म्हणता येणार नाही, कारण बारा पंचकोनी पृष्ठांच्या घनाचा ग्राफ सपाट आहे, वीस बिंदू, प्रत्येकाला तीन शेजारी, आणि त्रिकोण-चौकोन नाहीत. पंधरा तारखेचीच युक्ती.

सिद्धतेचा गाभा एका छोट्या गोष्टीत आहे: एक पोलिस एकटा एक पूर्ण वाट राखू शकतो. ही वाट किती का लांब असेना, पोलिस एकदा तिच्यावर नीट बसला की चोराने तिच्यावर पाऊल ठेवताच तो धरला जातो. मग दोन पोलिसांनी दोन वाटा राखायच्या, चोर त्यांच्यामधल्या तुकड्यात कोंडला जातो. तिसऱ्याने त्या तुकड्यातून नवी वाट धरायची. तुकडा लहान झाला, जुन्या दोघांतला एक मोकळा झाला. पुन्हा तेच.

वाट राखायची कशी, ते मी माझ्या शब्दांत लिहून सरांकडे दिलं. दोन पानं झाली.

३० डिसेंबर

दोन्ही पानांवर तिरपी लाल रेघ. खाली एक वाक्य: "वाट कोणती?"

मी "कोणतीही वाट" असं लिहिलं होतं. प्रमेयात "सगळ्यात जवळची वाट" आहे. मला तो शब्द शोभेचा वाटला होता.

आता पुन्हा, नीट. समजा आमच्या घरापासून सात रस्ता चौकापर्यंतची सगळ्यात जवळची वाट घेतली, मध्ये वीस चौक. चोर गावात कुठेही असला तरी वाटेवर त्याची एक सावली पडते असं मानायचं. चोर घरापासून पाच चौक लांब असेल तर सावली वाटेवरच्या पाचव्या चौकात, बारा लांब असेल तर बाराव्यात, आणि वाटेच्या लांबीपेक्षाही लांब गेला तर सावली शेवटच्या टोकाला. चोर एक पाऊल टाकतो तेव्हा घरापासूनचं त्याचं अंतर फार तर एकाने बदलतं, म्हणून सावलीही फार तर एक चौक सरकते. पोलिसाने चोराकडे बघायचंच नाही, सावली पकडायची. ती वाटेबाहेर जाऊ शकत नाही, म्हणून कधी ना कधी सापडते. सापडली की तिच्याबरोबर चालत राहायचं. चोर वाटेवरच्या सातव्या चौकात शिरला, तर वाट सगळ्यात जवळची असल्यामुळे घरापासून त्याचं अंतर बरोबर सात. म्हणजे तो आपल्या सावलीवरच येऊन उभा राहतो, आणि सावलीला गाठून पोलिस पुढच्या चालीत त्याच्यावर.

वाट वळसा घेणारी असेल तर वाटेवरचा सातवा चौक घरापासून तीनच चौकांवर असू शकतो. चोर सातव्यात, सावली तिसऱ्यात, पोलिस सावलीला धरून बसलेला. माझ्या दोन पानांत पोलिस नेमका असा बसला होता.

१३ जानेवारी २०२५

आज सिद्धेश्वराच्या यात्रेतला तैलाभिषेक. सातही नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यापासून निघतात आणि अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते. रस्ते बंद, रिक्षा नाही, कॉलेजला चालत गेले. दर वळणावर "इकडून नाही, तिकडून" ऐकत. सावलीचं प्रमेय अशा दिवशी उपयोगाचं नाही, कारण जवळची वाट तासागणिक बदलते.

एक प्रश्न मात्र डोक्यात घेऊन पोचले. रस्ते एकदिशा असतील तर? नकाशा सपाटच आहे, रेघांवर फक्त बाण आले. तीन पुरतील? सरांनी सांगितलं, नाही. लोह आणि ओह यांचा २०१७ चा लेख आहे, त्यात सपाट, बाणांचा, कुठूनही कुठेही पोचता येईल असाच ग्राफ आहे आणि तिथे तीन कमी पडतात. सावलीचं काय होतं ते वाटेत सुचलं होतं: चोर एका पावलात एकदिशेच्या गल्लीतून असा बाहेर पडतो की घरापासूनचं अंतर एकदम कमी होतं आणि सावली उडी मारते.

उद्या अक्षता सोहळा. सुट्टी. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, जायचंय.

१९ जानेवारी

सरांचा "पडून असलेला" प्रश्न. मेनिएल यांची अटकळ, फ्रँकल यांच्या १९८७ च्या लेखात पहिल्यांदा छापलेली: जोडलेल्या ग्राफात बिंदू कितीही असोत, त्या संख्येच्या वर्गमुळाच्या काही ठरावीक पटीइतके पोलिस पुरतात.

त्याहून कमी म्हणता येत नाही हे कळतं. प्रक्षेपीय भूमितीतल्या सगळ्यात लहान प्रतलाचे सात बिंदू आणि सात रेषा घेऊन चौदा बिंदूंचा हीवूडचा ग्राफ होतो, प्रत्येकाला तीन शेजारी, त्रिकोण-चौकोन नाहीत, म्हणून तीन पोलिस लागतातच. हीच रचना मोठी करत गेलं की पोलिस वर्गमुळाच्या हिशोबात वाढतात.

वरच्या बाजूने मात्र दैना आहे. लू-पेंग, स्कॉट-सुदाकोव आणि फ्रीझ-क्रिव्हेलेविच-लोह (बाणांच्या लेखातले तेच लोह) असे तीन गट २०११-१२ च्या सुमारास वेगवेगळे, किती पोलिस नक्की पुरतात याच्या एकाच सूत्रापाशी पोचले. ६५,५३६ बिंदूंसाठी ढोबळ आकडा काढला, बारीक पदं सोडून. वर्गमूळ २५६. त्यांच्या सूत्राने साधारण ४०९६. अटकळ खरी असेल तर सिद्ध झालेलं आणि खरं यांत सोळापट फरक, आणि ग्राफ वाढला की तो वाढतच जातो.

यावर मी काही करणार नाही. एवढं लिहून पुढे जाते.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून घरी आले तर आजोबांनी फरशीवर खडूने वाघ-बकरीचा पट काढलेला. पाच बाय पाच, पंचवीस घरं, आडव्या-उभ्या रेघा आणि एकाआड एक घरांतून तिरप्या. हे पट गावागणिक वेगळे असतात, हा त्यांच्या गावचा. मी बकऱ्या घेतल्या आणि सवयीने एका चालीत दोन हलवल्या. हातावर चापट. "एका वेळी एकच बकरी."

आमच्या खेळात सगळे पोलिस एकदम हलतात. एकच हलला तर?

तीन बाय तीन घरं घेतली आणि बुद्धिबळातल्या हत्तीची चाल: एकाच ओळीतली किंवा एकाच रकान्यातली घरं शेजारी. दोन पोलिस एकदम हलणारे असतील तर एका चालीत काम होतं. एक वरच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरा मध्यभागी. चोराला खालचा उजवा कोपरा तेवढा सुरक्षित. आता पहिला खालच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरा मधल्या ओळीच्या उजव्या घरात. पूर्ण पटावर वरच्या ओळीचं मधलं घर तेवढं मोकळं राहतं, आणि चोराला तिथे एका चालीत जाता येत नाही. संपला.

एकच हलू दिला तर? पहिला खाली आला की चोर वरच्या उजव्या कोपऱ्यात. तिथून पुन्हा तसंच. सगळ्या शक्यता कागदावर तपासल्या: दोन पोलिस एका ओळीत असोत की वेगळ्या, एकाच्या चालीनंतर चोराला दर वेळी एक सुरक्षित शेजारी घर मिळतंच. तीन पोलिस लागतात. रात्री नऊ बिंदूंचे २,६१,०८० ग्राफ प्रोग्रामला लावले. दर ग्राफाला दोन पोलिसांच्या ४५ जोड्या, चोराच्या ९ जागा, पाळी कोणाची त्याचे २, म्हणजे ८१० स्थिती.

२७ जानेवारी

नऊपर्यंतच्या सगळ्या ग्राफांत तीन लागणारा एकच. हत्तीचा पट.

शोध लावला! सरांना पहाटे मेसेज.

२८ जानेवारी

लागलेला आहे. "आळशी पोलिस" नावाने २०१७ मध्ये तिघांनी छापलाय, हाच ग्राफ, नऊ बिंदूंवर हा एकमेव, हेही त्यात आहे. सर म्हणाले, "बरोबर आलं ना? मग रडतेस कशाला." रडत नव्हते. कॅन्टीनमध्ये दोन वडापाव खाल्ले.

६ फेब्रुवारी

पुन्हा मूळ खेळ, सगळे पोलिस एकदम हलणारा. दहा बिंदू. जोडलेले ग्राफ १,१७,१६,५७१. पायथनला हे झेपणारं नाही. पण दबलेला बिंदू असलेला ग्राफ तपासायचं कारणच नाही. तो बिंदू पुसला तरी पोलिस-संख्या बदलत नाही, आणि नऊपर्यंत दोनच्या वर काही जात नाही हे आधीच तपासलंय. गाळणी लावली, उरलेले रात्रभर चालवले. दोनदा लाईट गेली, बॅटरीने तारलं.

सकाळी फाईलमध्ये एक ओळ. पंधरा रेघा, प्रत्येक बिंदूला तीन शेजारी, त्रिकोण-चौकोन नाहीत. अंगणातली रांगोळी. या वेळी मेसेज केला नाही, हे आधीच माहीत होतं. तरी ती ओळ बघत बराच वेळ बसले होते.

९ फेब्रुवारी

आजोबांच्या पटावर दबलेले बिंदू पुसून बघितले. चार कोपरे दबलेले, तिरप्या रेघेवरचं आतलं घर त्यांना दाबतं. मग कडेची एकाआड एक आठ घरं, तीही त्याच घरांनी दबलेली. मग चार बाजूंच्या मध्यावरची चार, ती त्यांच्या लगतच्या आतल्या घराने. सोळा गेली, नऊ उरली, आणि मधलं घर त्या सगळ्यांना दाबतं. म्हणजे या पटावर एकटी बकरी वाघाला धरू शकते. तिरप्या रेघा नसत्या तर पहिला कोपराही पुसता आला नसता आणि दोन लागल्या असत्या.

आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "बस मग." मी एकच बकरी मधोमध ठेवली. त्यांनी वाघ शेजारी ठेवला, बकरीवरून पलीकडे उडी मारली आणि बकरी उचलून खिशात टाकली.

उडीचा नियम प्रोग्राममध्ये नाही. घालायला लागेल: बकरीच्या पलीकडचं घर रिकामं असेल तर. कडेच्या बकरीवरून बाहेर उडता येणार नाही, पण कडेकडेने येईल. आणि एकामागोमाग दोन उड्या चालतात का, ते विचारलं तर आजोबा म्हणाले, आमच्यात नाही चालत, पण अक्कलकोटकडचा त्यांचा मित्र मारायचा. दोन्ही लिहून ठेवलं.